भातलावणीनंतरचा ताप आणि दुसऱ्यांदा रक्ततपासणी

प्रश्न : मुळशीत आमची भातशेती आहे. लावणीनंतर वडिलांना ताप आला. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली, तरी डॉक्टर पुन्हा रक्त तपासायला सांगतात. कशासाठी?

उत्तर : चिखलात अनवाणी काम, दुखणाऱ्या पोटऱ्या, लाल डोळे यांवरून लेप्टोस्पायरोसिसचा संशय येतो. डेंग्यूची एनएस-१ चाचणी पहिल्या ५ दिवसांत उपयोगी. लेप्टोची प्रतिपिंडे मात्र रक्तात साधारण ५ ते ७ दिवसांनी सापडतात. म्हणून दुसरी तपासणी लागते. संशय दाट असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता प्रतिजैविके सुरू करतात. ताप कधी आला आणि वडील शेतात काय काम करत होते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा धाप लागली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.