डिशवॉशर तुंबला? आधी बादली, मग फोन

दार उघडलं आणि तळाशी हळदीचं पिवळं पाणी साचलेलं दिसलं, तरी लगेच फोन उचलू नका. जाळीखाली थोडं स्वच्छ पाणी राहतंच, तो बिघाड नव्हे. पाणी जाळीच्या वर आलं असेल, किंवा पॅनेलवर बॉशला ई२४ अथवा ई२५ आणि एलजीला ओई दिसत असेल, तर मात्र निचरा थांबलाय. तो कुठे थांबलाय, यावर तुमचा खर्च शून्य की चार आकडी हे ठरतं.

सुरुवात सिंकपासून करा. बादलीभर पाणी ओता. तेही रेंगाळत असेल तर मशीनला दोष देऊ नका. ठाण्यात टेंभी नाक्याच्या जुन्या इमारतींतली स्वयंपाकघरं डिशवॉशर धरून बांधलेली नाहीत. पाइप एकतर सिंकखालच्या बॉटल ट्रॅपला जोडलेला असतो, नाहीतर नहाणीत सोडलेला. बॉटल ट्रॅपची वाटी हाताने फिरवली की निघते. खाली भांडं ठेवा, वाटी काढा, धुवा, परत लावा. मशीन नुकतंच बसवलं असेल तर ट्रॅपच्या तोटीचं बंद टोक कापलंय का तेही बघा. ते राहून गेलं असेल तर चूक बसवणाऱ्याची, त्याचे पैसे तुम्ही द्यायचे नाहीत.

वरच्या-खालच्या घरांतही पाणी तुंबतंय? मग इमारतीची उभी लाइन चोक आहे. ती सामायिक. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार तिची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. सेक्रेटरींना लेखी कळवा, पोच घ्या.

सिंक ठीक असेल तर मशीनकडे वळा. पिन काढा, पाणी गार होऊ द्या. जाळी डावीकडे फिरवून उचला. आपल्याकडे तिथे बहुतेक कढीपत्ता, मोहरी, शितं आणि लिंबाच्या बियाच सापडतात. जुना टूथब्रश आणि भांड्यांचा साबण पुरे.

आता बादली. मशीनमागचा निचऱ्याचा पाइप ट्रॅपपासून सोडवा (क्लिपसाठी साधा स्क्रू-ड्रायव्हर लागतो), टोक मोठ्या बादलीत धरा, पिन लावा आणि मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे मशीन रीसेट करा. बऱ्याच मशीनमध्ये स्टार्टचं बटण काही सेकंद दाबून धरायचं असतं. पाणी जोरात आलं, तर मशीन आणि पाइप दोन्ही ठणठणीत. अडथळा ट्रॅपमध्ये किंवा पुढे आहे. तुम्हाला हवाय तो प्लंबर, कंपनीचा माणूस नव्हे. प्लंबर साधारण ३०० ते ५०० घेतो, कंपनीची नुसती भेटच त्याहून महाग पडते.

पाणी बारीक आलं किंवा आलंच नाही, तर आधी पाइप मशीन आणि भिंतीच्या मध्ये दुमडलाय का पाहा. अर्धी भांडणं इथेच मिटतात. दुमडलेला नसेल तर पिन काढून तो मशीनपासूनही सोडवा, खाली फडकी पसरा. आतल्या वळ्यांत तूप-तेल थिजलेलं असतं; गरम पाणी आणि साबण दोन-तीनदा सोडा. लोखंडी तार घालू नका, पाइपला भोक पडतं. ड्रेन साफ करायची पावडर किंवा ॲसिड मशीनमध्ये तर अजिबात ओतू नका: रबर खराब होतं, आणि नंतर आत हात घालणाऱ्याला भाजतं. परत लावताना पाइपचा एक वळसा ओट्याच्या खालच्या कडेपर्यंत उचलून बांधा, म्हणजे सिंकचं घाण पाणी उलटं येणार नाही. पाइप फाटलाच असेल तर नवा काही शेकड्यांत मिळतो, क्लिप त्याहून किती तरी स्वस्त. दुकानात जाताना जुना पाइप सोबत न्या.

शेवटी पंप. जाळीच्या खड्ड्यातलं पाणी स्पंजने टिपा. बॉशसारख्या मशीनमध्ये पंपाचं झाकण चमच्याने उचलता येतं. हातमोजा घाला, कारण काचेचा तुकडा तिथेच लपतो. आतलं पातं मोकळं फिरतंय, तरी पाणी हलत नाही? मग मात्र कंपनी.

फोन करण्याआधी खरेदीचं बिल, नोंदवलेला मोबाइल नंबर आणि दाराच्या कडेवरच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर हाताशी ठेवा. कंपनीचा फोन नंबर मॅन्युअलवरून घ्या, इंटरनेटवर शोधून नव्हे. तिथे खोटे कस्टमर केअर बसलेत. फोनवर ॲप टाकायला किंवा आगाऊ दहा रुपये पाठवायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३०. नवरात्रात टेंभी नाक्याची वाहतूक वळवलेली असते, तेव्हा भेट सकाळची मागा.

वॉरंटी संपली असेल तर भेटीचे साधारण ५०० ते ८०० धरून चाला, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे "पाचशे" ऐकलेत तर ५९० द्यायचे. ही रक्कम दुरुस्तीत वळती होणार का, हे फोनवरच विचारा. वॉरंटीत असलात तरी अडकलेल्या कचऱ्याची सफाई फुकट असेलच असं नाही, अटी वाचा. "पंप गेलाय" असं कंपनीचा माणूस म्हणाला तर काम दोन ते चार हजारांवर जातं. आधी लेखी अंदाज घ्या, जुना पंप परत मागा, नव्याची वॉरंटी बिलावर लिहून घ्या. निघता निघता तो क्षार काढायची पाकिटं आणि वार्षिक करार पुढे करेल. पालिकेचं पाणी नदीचं, हलकं. तुमचा पाइप तेलाने तुंबलाय, क्षाराने नव्हे. बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरत असाल तर गोष्ट वेगळी. करारावर त्याच दिवशी सही करू नका.

बिल जास्त लावलं, ऐकत नाहीत? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, फोन मोफत. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. ई-जागृती पोर्टलवर घरूनही तक्रार करता येते. जीएसटी नंबर असलेलं बिल मात्र जपून ठेवा, रोख देऊन चिठ्ठीवर भागवलंत तर दाखवायला काही उरत नाही.