रिस्पेचा पहारा

(शास्त्रभाग : २ शमुवेल २१:१-१४)

शास्त्राभ्यास वर्गात हा अध्याय बहुधा गाळला जातो, आणि का ते उघड आहे. दावीदाच्या कारकीर्दीत लागोपाठ तीन वर्षे दुष्काळ पडला. शौलाने गिबोनी लोकांचा वध केला, त्याचे हे फळ, असे दावीदास कळले. तेव्हा शौलाचे दोन पुत्र व पाच नातू गिबोन्यांच्या हवाली करून फाशी देण्यात आले. अपराधी शौल तर गिलबोवाच्या डोंगरावर केव्हाच मेला होता. मग या सातांनी काय केले होते?

पहिल्या वचनात शौलाच्या घराण्याचाही उल्लेख आहे, म्हणून हे सातही त्या वधात सामील असावेत, असे कोणी म्हणतात. शास्त्र तसे सांगत नाही. गिबोन्यांचे दुःख मात्र खरे होते. यहोशवाच्या काळी इस्राएलाने त्यांना अभय देण्याची शपथ वाहिली होती (यहोशवा ९), आणि ती शौलाने मोडली.

आता वचने सावकाश वाचा. दुष्काळाचे कारण दावीदाने देवाला विचारले (वचन १). उपाय मात्र त्याने गिबोन्यांना विचारला (वचन ३). उपायाविषयी देवाला विचारल्याचे कोठेही लिहिलेले नाही. बापाच्या पापासाठी मुलांना जिवे मारू नये, हा नियम अनुवाद २४:१६ मध्ये स्पष्ट आहे. पुढे अमस्या राजाने तो पाळलाही (२ राजे १४:६). निर्गम २०:५ चा दाखला कोणी पुढे करील, पण तेथे देव स्वतःविषयी बोलतो. राजाच्या हाती तो अधिकार देत नाही. शिवाय शौलाच्या घराण्यातील वारस नाहीसे झाल्याने दावीदाचे सिंहासन बळकट झाले, हेही विसरू नये. शिमीने दावीदाला रक्तपाती म्हटले (१६:७-८), ते ह्याच घटनेमुळे असेल काय? (आखानाच्या कथेत हा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण तेथील शिक्षा देवाच्या आज्ञेने झाली असे लिहिले आहे. त्यास येथे दोन ओळींत उत्तर देणे बरे नव्हे.)

मृतांपैकी दोघे रिस्पेचे पुत्र होते. ती शौलाची उपपत्नी, विधवा, राजदरबारात कोणी न विचारणारी. टांगलेले प्रेत त्याच दिवशी पुरावे असा नियम असता (अनुवाद २१:२३) ही प्रेते तशीच राहिली. तिने खडकावर तरट पसरले आणि दिवसा पाखरांना, रात्री रानपशूंना जवळ येऊ दिले नाही. सातूच्या हंगामाच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत! त्या देशात सातूचा हंगाम एप्रिलाच्या सुमारास असतो आणि पहिला पाऊस साधारणतः ऑक्टोबरात. पाऊस नेहमीच्या वेळी आला असेल, तर सुमारे सहा महिने झाले. पाच प्रेते तर दुसरीच्या पोटच्या मुलांची होती, तरी तिने राखण सातांचीही केली. ती एक शब्दही बोलल्याचे लिहिलेले नाही.

हे दावीदाच्या कानी गेले, तेव्हा त्याने याबेश-गिलादाहून शौल व योनाथान यांच्या अस्थी आणविल्या, या सातांच्या अस्थीही गोळा करविल्या आणि शौलाच्या व योनाथानाच्या अस्थी कीशाच्या थडग्यात पुरल्या. देशासाठी केलेली विनवणी देवाने ऐकली, हे वाक्य फाशीच्या नवव्या वचनात नाही; ते चौदाव्यात, अस्थी पुरल्यानंतर येते.

वर्गात हा अध्याय घ्याल तेव्हा नवव्या वचनाशी थांबू नका, आणि दहावे वचन एखाद्या मातेकडून वाचून घ्या.