शिकवण्याची स्वतःची शैली

प्रश्न : नाशिकच्या एका तंत्रनिकेतनात मी नव्यानेच शिकवू लागले आहे. ज्येष्ठ सहकाऱ्यांचेच अनुकरण होते. स्वतःची शैली कशी घडवावी?

उत्तर : अनुकरण सोडू नका, फक्त ते एकाच व्यक्तीचे नको. अखेरच्या वर्षांत तुमच्याच गावी राहिलेल्या गायक आणि संगीतशिक्षक विष्णु दिगंबर पलुस्करांचे उदाहरण घ्या. त्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि ठरलेला अभ्यासक्रम, क्रमिक पुस्तके, स्वरलिपी अशी पक्की शिस्त बसवली. त्या एकाच शिस्तीतून ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन आणि बी. आर. देवधर असे तीन निरनिराळे शिक्षक घडले. देवधरांनी तर अनेक घराण्यांच्या गवयांकडून विद्या मिळवली. त्यांचे शिष्य कुमार गंधर्व कुणासारखेच गायले नाहीत. म्हणजे शिस्तीने शैली मारली नाही, तिला पाया दिला.

तुम्ही म्हणाल, गाण्याचे ठीक, पण आम्हाला परीक्षेआधी अभ्यासक्रम संपवायचा असतो. मान्य. पण शैली जादा वेळ मागत नाही, ती नेमके निरीक्षण मागते. ओहमचा नियम शिकवून झाल्यावर फळ्याकडे नव्हे, वह्यांकडे पाहा : आकृती सगळ्यांनी उतरवलेली असते, गणित मात्र एककांपाशी अडते. तिथे तुम्ही जे उदाहरण शोधाल, ते तुमचे. आवाज, हावभाव, विनोद या गोष्टी माझ्या मते दुय्यम आहेत. पुढच्या तासाला शेवटची पाच मिनिटे वह्या पाहण्यासाठी राखून ठेवा आणि सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसवून त्याचे मत जरूर विचारा.