घाणेरीचें रान व शेताचें रक्षण

घाणेरी, टणटणी किंवा विदर्भांत जिला रायमुनिया म्हणतात, तें झुडूप ठाऊक नाहीं असा वाचक आम्हांस भेटणें कठीण. चौकोनी काटेरी काडी, खरखरीत व उग्र वासाचें पान, एकाच गुच्छांत पिवळीं, नारिंगी व तांबडीं फुलें आणि पिकलीं म्हणजे काळीं पडणारीं बारीक फळें, इतकी तिची ओळख पुरे. परंतु ओळख असणें निराळें आणि आपल्या शेताशीं व शेजारच्या रानाशीं तिचा संबंध काय, हें जाणणें निराळें. तो संबंध सांगून ती काढून टाकण्याची योग्य रीत वाचकांपुढें ठेवावी, असें आम्हीं योजिलें आहे.

मूळ व प्रसार :— हें झाड आपल्या देशांतलें नव्हे. याचें मूळस्थान अमेरिका खंडांतील उष्ण प्रदेश. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्याजवळील शिवपूरच्या वनस्पति-उद्यानांत तें शोभेसाठीं आणिलें गेलें. पुढें बागांच्या कुंपणास तें लावूं लागले. गुरें तोंड लावीत नाहींत म्हणून शेतकऱ्यांनींही बांधावर त्यास जागा दिली आणि तेथून तें रानांत शिरलें. पूर्ण वाढलेलें एक झुडूप वर्षास १२,००० पर्यंत फळें देऊं शकतें. बुलबुलासारखे पक्षी तीं आवडीनें खातात व बीं दूरवर नेऊन टाकतात. दाट सावलींत मात्र याचें रोप जोर धरीत नाहीं. जेथें झाडतोड झाली, जेथें गुरांनीं गवत मुळापर्यंत खुरडलें, जेथें जमीन उघडी पडली, तेथें ऊन मिळतांच तें बळावतें. म्हणजे घाणेरी आपण होऊन आली हें खरें, पण तिला वाट आपणच करून दिली.

हा प्रसार किती झाला आहे याचें मापही झालें आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांचा जो अभ्यास २०२० सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत देशांतील सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर जंगलांत घाणेरी पसरल्याचें नमूद आहे. कर्नाटकांतील बिळिगिरिरंगन डोंगरांत १९९७ सालीं पाहणीच्या तुकड्यांपैकीं ४१ टक्के तुकड्यांत ती होती. २००८ सालीं तेंच प्रमाण ८१ टक्के झालें. अवघ्या अकरा वर्षांत दुप्पट!

रानांतील जनावरें :— घाणेरीच्या दाट जाळीखालीं गवत ऊन न मिळाल्यामुळें मरतें व मोठ्या वृक्षांचीं रोपेंही वर येत नाहींत. चितळ, सांबर, गवा हीं जनावरें गवतावर व पाल्यावर जगणारीं. घाणेरीचा पाला त्यांच्या कामाचा नाहीं. रान दुरून हिरवेंगार दिसतें, परंतु आंत चाऱ्याचा दुष्काळ असतो. अशा वेळीं भुकेलें जनावर हद्दीपलीकडच्या हिरव्या शेताकडे वळलें, तर त्यांत नवल तें काय?

रानडुकराची गोष्ट याच्या उलट. त्यास घाणेरी खाण्यासाठीं नको, लपण्यासाठीं हवी. काट्यांच्या जाळींत माणूस शिरत नाहीं, कुत्रें शिरत नाहीं. तेथें दिवसभर निवांत पडावें आणि अंधार होतांच भुईमुगांत अगर मक्यांत उतरावें, असा त्याचा क्रम. ही जाळी जर थेट आपल्या बांधास भिडलेली असेल, तर चोरास आपण होऊन ओसरीवर बिछाना घालून दिल्यासारखें झालें. डुकरांच्या उपद्रवाचें सर्व खापर घाणेरीवर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु बांधालगतची जाळी निघाली, तर त्यांची दिवसाची लपण शेतापासून दूर जाते, हा लाभ लहान नव्हे.

गायरानाची स्थिति :— आमचा जन्म महसूल खात्याच्या कारकुनींत गेला. गायरानाचें क्षेत्र आम्हीं वर्षानुवर्षें कागदावर उतरून घेतलें. आकडा कधीं बदलला नाहीं. सेवानिवृत्तीनंतर त्याच गायरानांत पायीं हिंडलों, तेव्हां निम्म्याहून अधिक जागा घाणेरीनें व्यापिलेली दिसली. कागदावर गायरान तितकेंच, चारा मात्र नाहीं! ही नोंद कोणत्याच रकान्यांत होत नसते आणि म्हणूनच हें नुकसान कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

गुरांस अपाय :— चारा टंचाईंत, किंवा बाहेरगांवाहून नवीन आणलेलीं गुरें, कधीं कधीं ही पानें खातात. पानांतील विषानें यकृत बिघडतें व पित्ताचा मार्ग अडतो. गुरूं खाणें सोडतें, पोट बांधतें, डोळ्यांत व हिरड्यांवर पिवळेपणा येतो. उन्हांत राहिल्यास नाकपुडीची व अंगावरील पांढऱ्या भागांची कातडी भाजल्यासारखी होऊन फाटते. असें दिसतांच जनावर सावलींत बांधावें व विलंब न लावितां पशुवैद्यास बोलवावें. पोटाचें चलन मंदावल्यामुळें विष आंतच राहून पुढें भिनत जातें, म्हणून उशीर घातक ठरतो.

काढण्याची रीत :— येथें आमचीच चूक आधीं सांगतों. एका माघांत आम्हीं आमच्या बांधावरील घाणेरी कोयत्यानें तोडिली व वाळल्यावर पेटवून दिली. श्रावणांत पाहतों तों, जेथें दोन काड्या होत्या तेथें आठ उभ्या! मजुरी गेली आणि जाळी पूर्वीपेक्षां दाट झाली. याचें कारण असें कीं, खोड व मूळ जेथें मिळतात त्या गांठींतून या झुडपास नवे कोंब फुटतात. ती गांठ जमिनींत राहिली, तर वरील तोडणी ही छाटणीच ठरते.

दिल्ली विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ सी. आर. बाबू व त्यांचे सहकारी यांनीं कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पांत जी रीत अवलंबिली, ती याच तत्त्वावर आहे. कुदळीनें बुंध्याजवळची माती सारून, गांठीच्या खालीं मुख्य मूळ तोडावें. आमच्या अनुभवांत चार बोटें खोली पुरते. मग सबंध झुडूप उपटून मुळें वर करून उलटें ठेवावें, म्हणजे तें पुन्हां मातीस धरत नाहीं. सबंध जमीन खणण्याचें कारण नाहीं. पावसाच्या आरंभीं जमीन मऊ असतां व फळें पिकण्यापूर्वीं हें काम करावें.

परंतु येथें काम संपलें असें समजूं नये. मोकळी जागा तशीच सोडल्यास घाणेरीच पुन्हां येते, किंवा तिच्या जागीं रानमोडी अगर गाजरगवत येतें. म्हणून त्याच पावसांत मारवेल, पवन्या, डोंगरी अशा देशी गवताचें बीं टाकावें अगर ठोंब लावावे आणि गवत धरेपर्यंत गुरें आंत सोडूं नयेत. पक्षी ज्या झाडांवर बसतात त्यांच्या खालीं नवीं रोपें हमखास येतात. पुढील दोन-तीन पावसाळे तीं हातानें उपटावीं. घाणेरीच्या फुलांवर फुलपांखरें व जाळींत लहान पक्षी आश्रय घेतात, म्हणून सबंध क्षेत्र एकदम उघडें न पाडतां पट्ट्यापट्ट्यानें साफ करीत जावें. आरंभ शेताच्या बांधापासून करावा.

एकट्याचें काम नव्हे :— एकानें बांध साफ केला आणि शेजाऱ्यानें ठेविला, तर पक्षी बीं आणून टाकणारच. गायरानासाठीं ग्रामसभेचा ठराव करावा. वनखात्याच्या हद्दींत मात्र परवानगीवांचून कुदळ घालूं नये. वनसमितीमार्फत वनाधिकाऱ्यांस लेखी अर्ज द्यावा व त्याची पोंच जपून ठेवावी. येत्या मृगापूर्वीं प्रत्येक वाचकानें आपल्या बांधावरील बुंधे मोजून ठेवावे, आणि पुढील वर्षीं त्याच दिवसांत ते पुन्हां मोजावे. आंकडा घटला कीं वाढला, यावरून आपलें काम मुळापर्यंत गेलें कीं वरवरचें राहिलें, तें ज्याचें त्यास कळून येईल.