ओवीची सीट

चि. सौ. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

काल ताईचा पोचल्याचा फोन आला. खंबाटकीच्या बोगद्यात ओवी रडायला लागली, म्हणून तू तिला सीटमधून काढलंस आणि पुण्यापर्यंत पुढे मांडीवर घेऊन बसलीस म्हणे. ताई कौतुकानं सांगत होती. माझा मात्र डोळ्याला डोळा लागला नाही.

मांडीवर, आणि तेही पुढे! बोगदा संपला की ते एस वळण, तिथं काय काय झालंय ते तुला मी सांगायला हवं का? पुढची एअरबॅग मोठ्या माणसाच्या हिशेबानं उघडते. तिच्या नि तुझ्या मधे ओवी. ‘घट्ट धरलं होतं’ हे मला सांगू नकोस. नऊ किलोचं पोर, पण ताशी ५० किलोमीटरनं गाडी आदळली तर त्या क्षणी तुझ्या हातांवर अडीचशे किलोच्या वर जोर येईल. धरशील?

आणि तिला बाहेरचं दिसावं म्हणून सीट पुढं तोंड करून लावलीय, हेही कळलं. आधी फिरवून घ्या. युरोपच्या नव्या नियमात किमान १५ महिने तोंड मागेच. ही तर अकराची. एवढ्या लेकराचं डोकं जड, मान कोवळी. मागे तोंड असलं की धक्का बसताना पाठ, मान, डोकं सगळं सीटच तोलते. स्वेटर काढून पट्टा लाव, थंडी वाटली तर वरून शाल. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघ. चिमटीत आला म्हणजे सैल आहे. पोराला असं न बांधता नेलं तर कायद्यानं हजार रुपये दंड आहे म्हणतात. दंड गेला खड्ड्यात.

आम्ही तरी काय शहाणे होतो! तुला स्कूटरवर पुढे उभी करून साताराभर फिरवायचो. आई ओरडायची, मी तिला भित्री म्हणायचे. आता तिची ती भीती माझ्याकडे आलीय आणि तिला सांगायला ती नाही.

ओवी रडली की तुझं काळीज तुटतं, कळतं गं. मग शिरवळला गाडी थांबवा, पाज, फिरव, पुन्हा सीटमध्ये बसव. पण मांडीवर नको. फार बोलले का? संकेतरावांना पत्र दाखवू नकोस हवं तर. पुढच्या खेपेला मीच येते बरोबर, मागे ओवीशेजारी बसते. तिनं कितीही भोकाड पसरलं तरी मी ऐकेन. डिंकाचे लाडू केलेत तुझ्यासाठी. सगळ्यांना वाटत बसू नकोस, तू खा.

तुझी,
मावशी