कमी खाल्लं म्हणून बाळंतपण सोपं होत नाही

“डॉक्टर, जास्त खाल्लं तर बाळ मोठं होऊन अडेल ना?” हा प्रश्न बहुतेक वेळा गर्भवतीची सासू विचारते. सासूबाई, तुमची काळजी खरी आहे, पण समजूत साफ चुकीची. उपाशी आईचं बाळ अडीच किलोच्या आत जन्मण्याचा आणि आजारी पडत राहण्याचा धोका वाढतो. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला तर बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही झेपत नाही.

ऊसतोडीहून परतलेली सात महिन्यांची एक गर्भवती आली होती. पहाटे अंधारात फडात जायचं, जेवण म्हणजे भाकरी आणि ठेचा. खाडा केला तर मुकादम पैसे कापणार, उचल तर फिटायचीच होती. हिमोग्लोबिन ६.८! पिशवीत सरकारी लोहाच्या गोळ्या न फोडलेल्या, कारण “त्यानं बाळ काळं होतं” असं मोबाइलवर पाहिलेलं. शेजारी रक्तवाढीच्या टॉनिकची महागडी बाटली. फुकटचं औषध टाकून उसने पैसे बाटलीत घालायला लावणाऱ्यांचा मला संताप येतो. त्या गोळ्यांनी शौच काळं होतं, बाळ नाही. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस घ्या. चहा आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीसोबत नको.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या ५२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला. दोष एकट्या बाईचा कसा? सगळ्यांची पंगत उठल्यावर तिच्या वाट्याला तळाची पातळ आमटी येते. तिचं ताट आधी वाढा. मटकीची उसळ, शेवग्याचा पाला, शेंगदाणे-गूळ, जमेल तेव्हा अंडं. पावडरीचे डबे लागत नाहीत. अंगणवाडीत नाव नोंदवा. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत एक वेळचं गरम जेवण मिळतं. पहिल्या खेपेला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, ते तिच्याच खाण्यावर खर्च करा. स्थलांतर करताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा.

घाबरू नका, वेळेत आलात तर रक्त भरून काढता येतं. पण चार पावलांत धाप, छातीत धडधड, पापण्या आतून पांढऱ्या दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. चेहऱ्यावर सूज, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त जाणं किंवा बाळाची हालचाल मंदावणं, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी १०८ ला फोन करा. मुकादमाचा हिशेब नंतर होईल.