आपला आमदार कोण? : पंढरपूर मतदारसंघाचा पाठ



नागरिकशास्त्राच्या तासाला 'आपला आमदार कोण?' हा प्रश्न सोपाच वाटतो. पण पंढरपूर तालुक्यातल्या मुलांना विचारून बघा. कासेगावचा मुलगा एक नाव सांगेल, करकंबची मुलगी दुसरं, भाळवणीचा तिसरं आणि पुळूजची चौथं. गंमत म्हणजे चौघांचंही उत्तर बरोबर! तालुका एकच, पण त्याची गावं पंढरपूर, माढा, सांगोला आणि मोहोळ अशा चार विधानसभा मतदारसंघांत विभागलेली आहेत.

असं का झालं?

महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ जागा आहेत. १९७१ च्या जनगणनेवर आखलेल्या सीमा २००४ च्या निवडणुकीपर्यंत चालल्या. मधल्या काळात शहरं फुगली, काही तालुके मागे राहिले. मताचं वजन सगळीकडे साधारण सारखं राहावं, म्हणून न्या. कुलदीप सिंग यांच्या परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून सीमा नव्याने आखल्या. २००८ मध्ये त्या लागू झाल्या.

मुलांना भागाकार करायला लावा. तेव्हाची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाख, भागिले २८८. उत्तर येतं सुमारे ३ लाख ३६ हजार. तालुका या मापात नेमका बसत नाही, मग शेजारची महसूल मंडळं जोडावी लागतात.

काय बदललं?

सोलापूर जिल्ह्यातल्या जागा १३ वरून ११ झाल्या. अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला मंगळवेढा मतदारसंघ संपला आणि तो तालुका पंढरपूरला जोडला गेला. मोहोळ आणि माळशिरस राखीव झाले. त्यामुळे २००९ मध्ये मंगळवेढ्याचे लक्ष्मण ढोबळे मोहोळला गेले, तर माळशिरसचे विजयसिंह मोहिते-पाटील पंढरपुरात उभे राहिले. तिथे भारत भालके निवडून आले. लोकसभेचा पंढरपूर मतदारसंघही गेला आणि माढा आला. म्हणून करकंब-भाळवणीचे खासदार वेगळे, कासेगाव-पुळूजचे वेगळे.

याचं महत्त्व काय?

करकंबच्या माणसाचं तहसील कार्यालय पंढरपूरला, पण आमदार माढ्याचा. सातबाऱ्याचं काम असेल तर तहसील, रस्त्यासाठी आमदार निधी हवा असेल तर माढ्याचे आमदार. हे माहीत नसलं की माणूस चुकीच्या दारात हेलपाटे घालतो.

उपक्रम : पालकांनी आपलं मतदार ओळखपत्र मुलांना दाखवावं. त्यावरचा मतदारसंघाचा क्रमांक आणि नाव वहीत लिहून घ्यावं. पंढरपूरचा क्रमांक २५२ आहे. मग नकाशावर तालुक्याची सीमा एका रंगाने आणि मतदारसंघाची दुसऱ्या रंगाने काढायला सांगा. दोन रेघा जिथे वेगळ्या होतात, तिथेच हा पाठ मुलांना खरा कळतो.